रोजचा माळ आणि रविवारचा डोंगर: कोल्हापुरात सायकलस्वाराने घर कुठे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून कोल्हापुरात आलेले एक अभियंते गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रुजू झाले आहेत, त्यांच्या पत्नीची नोकरी ताराबाई पार्कात आहे आणि मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. त्यांच्याकडे एकोणतीस इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे आणि जमेल तितके दिवस कामावरही तिच्यावरूनच जाण्याची इच्छा आहे. तीन घरे पाहून ठेवली आहेत: नागाळा पार्कातला एक फ्लॅट, केर्लीजवळ पन्हाळा रस्त्यालगतचे बैठे घर आणि आर. के. नगर परिसरातली पहिल्या मजल्यावरची जागा. मन केर्लीकडे ओढ घेते आहे, कारण त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘दारातून बाहेर पडले की समोर पन्हाळा.’

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. आर. के. नगर घ्यावे. नागाळा पार्क हा दुसरा पर्याय, आणि तोही त्या इमारतीला २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी लागले नव्हते याची खात्री झाली तरच. केर्ली घेऊ नये. केर्लीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या अंगाला मी स्वतः सव्वा वर्ष भाड्याने राहिलो आहे आणि तिथल्या थंडीतल्या पहाटा, उसाच्या फडावर तरंगणारे धुके आणि त्याच्या वर एकटाच दिसणारा जोतिबाचा डोंगर मला आजही आठवतो. पण घर निवडताना मी जी चूक केली, तीच आपण करायला निघाला आहात असे दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी बावीस वर्षे या शहरात आणि भोवतालच्या डोंगरांत सायकल चालवतो आहे. आधी मंगळवार पेठेत होतो, मग केर्लीच्या अलीकडे, आणि आता बरीच वर्षे कळंबा आणि पाचगाव यांच्या मधल्या पट्ट्यात. केर्लीला गेलो तेव्हा माझा हिशेब साधा होता: डोंगर जितका जवळ, तितकी सायकल जास्त. तेव्हा मी रोजच्या फेऱ्यांची नोंद एका वहीत ठेवत असे. ती वही आज उघडली तर केर्लीच्या सव्वा वर्षात डोंगरावरच्या फेऱ्या जवळजवळ सगळ्या रविवारच्या आहेत. पेठेत राहत होतो तेव्हाही त्या रविवारच्याच होत्या. घर डोंगराच्या पायथ्याशी नेऊन आठवड्याला एक फेरीही वाढली नव्हती.

याचे कारण घड्याळात आहे. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. कारखान्यातून साडेपाचला सुटलेला माणूस महामार्ग, तावडे हॉटेल, दाभोळकर कॉर्नर, दसरा चौक आणि शिवाजी पूल असे करत केर्लीला पोहोचतो तेव्हा वर्षातले आठ महिने अंधार पडलेला असतो. गोकुळ शिरगाव शहराच्या आग्नेयेला आणि केर्ली वायव्येला. म्हणजे रोज जाताना एकदा आणि येताना एकदा संपूर्ण शहर ओलांडायचे, एका बाजूचे वीसेक किलोमीटर. सायकलने ते अंतर अशक्य नाही, पण ते कापल्यावर पायांत पन्हाळ्यासाठी काही उरत नाही. आणि पायांत उरले तरी त्या अंगाला अंधारात डोंगरवाटांवर जाऊ नये, कारण पन्हाळा आणि जोतिबाच्या परिसरात गव्यांचा वावर आहे. संध्याकाळी पाणंदीच्या वळणावर गवा समोर उभा ठाकला तर ब्रेक कितीही चांगले असले तरी पुढे काय करायचे हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून मी डोंगराचे दोन प्रकार मानतो. एक रविवारचा डोंगर आणि एक रोजचा माळ. रविवारचा डोंगर लांब असला तरी चालतो, कारण त्या दिवशी पहाटे निघायला आपण मोकळे असतो आणि पेठेतून असो की आर. के. नगरातून, पन्हाळा गाठायला जो तासाभराचा फरक पडतो तो अंग गरम करण्यात निघून जातो. रोजचा माळ मात्र काम आणि घर यांच्या मधल्या वाटेवरच हवा, नाहीतर तो रोजचा होत नाही. कोल्हापूरच्या दक्षिणेला पाचगाव, मोरेवाडी, कंदलगाव, गिरगाव ते कात्यायनीपर्यंत जो उंचसखल माळ पसरला आहे तो नेमका आर. के. नगर आणि गोकुळ शिरगाव यांच्या कुशीत आहे. आपल्या तीनही घरांपैकी ही सोय फक्त एकालाच आहे.

ती सोय म्हणजे काय हे एका साध्या मंगळवारवरून सांगतो. पावणेसहाला कारखान्याचे फाटक सोडायचे. महामार्गाच्या सेवारस्त्याने उजळाईवाडीकडे न जाता मागच्या अंगाने कंदलगावची वाट धरायची. डांबर संपले की उतरून पुढच्या आणि मागच्या टायरची थोडी हवा सोडायची. अंगठ्याने दाबून अंदाज येतो. मग गायरानातून चित्रनगरीच्या बाजूला चढणारी गाडीवाट, तिच्यात मधोमध गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मुरमाचे दोन पांढुरके चाकोरे. चढ एका दमात संपतो. वर टिटव्या ओरडत उठतात, एखादे मेंढरांचे खांड आडवे आले तर थांबावे लागते, आणि समोर विद्यापीठाच्या इमारतींवर शेवटचे ऊन असते. उतारावर घसारा आहे, तिथे मागचा ब्रेक दाबून ठेवला तर चाक बाजूला सरकते. पुढच्या ब्रेकवर हलकी बोटे ठेवून वजन मागे न्यायचे. सात वाजायच्या आत दारात. एकूण चाळीस-पन्नास मिनिटे मातीवर गेलेली असतात आणि घरच्यांना वाटते की आज वाहतूक जरा जास्त होती. अशा तीन संध्याकाळी आठवड्यात मिळाल्या की रविवारी पन्हाळ्याचा घाट वेगळाच वाटतो.

आता माती. घर निवडताना मातीचा विचार करा म्हटले की लोकांना शेतीचा सल्ला वाटतो, पण सायकलस्वाराच्या वर्षाचे चार महिने मातीच ठरवते. पंचगंगेच्या काठची, म्हणजे चिखली, आंबेवाडी, वडणगे, केर्ली या पट्ट्यातली जमीन खोल काळ्या गाळाची आहे. ती उसाला उत्तम आणि चाकाला वैरी. एक सर पडली की पाणंदीतला चिखल टायर आणि फोर्क यांच्या मध्ये ठासून बसतो, चाक फिरायचे थांबते, आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागते. पुन्हा ती वाट चालवण्याजोगी व्हायला चांगली उघडीप लागते. दक्षिणेचा माळ मुरमाचा आहे. मुरूम पाणी धरून ठेवत नाही. सकाळी पाऊस पडून दुपारी उघडला तर संध्याकाळी कात्यायनीकडचे बहुतेक चढ-उतार चालवता येतात. पन्हाळा, जोतिबा आणि मसाई पठार यांच्या माथ्यावर जांभा दगड आहे. तो उन्हाळ्यात खरखरीत आणि भरवशाचा असतो, पण जुलैत त्यावर शेवाळ धरते आणि मग तो साबणासारखा होतो. माझ्या डाव्या कोपरावरची खूण अशाच एका जुलैतली आहे. चढताना काही झाले नव्हते. उतरताना मी वेग फक्त चालण्याइतका ठेवला होता, तरी पडलो.

पावसाचेही तसेच. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला गगनबावड्यात त्याच्या पाच पटींहून अधिक. हा फरक मधल्या वाटेत हळूहळू वाढत जातो. म्हणजे घर जितके पश्चिमेला किंवा वायव्येला, तितका आपला मातीवरचा हंगाम आखूड. केर्ली आणि आर. के. नगर यांच्या पावसात गगनबावड्याइतका फरक अर्थातच नाही, पण केर्लीहून आपण ज्या बाजूला चालवायला जाणार ती बाजू ओली आणि आर. के. नगरहून ज्या बाजूला जाणार ती तुलनेने कोरडी, हा फरक मोठा आहे.

पुराविषयी वेगळे लिहावे लागेल, कारण पुण्याहून आलेल्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण केर्लीकडच्या माणसाला त्याहून महत्त्वाची बातमी एकच असते: रेडेडोह फुटला का, म्हणजे त्या जागी नदीचे पाणी काठ सोडून बाहेर पडले का. तो फुटला की आंबेवाडीजवळ पन्हाळा रस्त्यावर पाणी येते आणि शहराशी सरळ संबंध तुटतो. मला घर दाखवणाऱ्या गृहस्थांनी ‘या घराला कधीच पाणी लागत नाही’ असे सांगितले होते आणि ते अक्षरशः खरे होते. घराला पाणी लागले नाही, रस्त्याला लागले. त्या वर्षी मी सकाळी दुचाकीने कामावर गेलो आणि चार रात्री राजारामपुरीत मित्राच्या घरी काढल्या. घर कोरडे, सायकल कोरडी, मी मात्र पाण्याच्या अलीकडे. आपल्याकडे शाळेत जाणारी मुलगी आहे आणि आई-वडील दोघेही नदीच्या दुसऱ्या तीरावर कामाला जाणार आहेत, एवढी एकच गोष्ट मला केर्ली बाद करायला पुरेशी वाटते.

नागाळा पार्काचे उलटे आहे. तिथे रस्ते चांगले, झाडी चांगली, पत्नीचे कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर, आणि शाळांची निवडही मोठी. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत त्या भागात अनेक ठिकाणी पाणी शिरले होते. इमारतीचा विकासक काय सांगतो याला अर्थ नाही. समोरच्या किराणा दुकानदाराला किंवा इस्त्रीवाल्याला विचारावे की एकोणीसला पाणी कुठवर होते. तो हात लावून उंची दाखवतो. वाहनतळाच्या भिंतीवरची रंगातली रेघही पाहावी, नवा रंग फक्त खालच्या चार फुटांनाच दिलेला असेल तर तेही एक उत्तरच आहे. इमारत या परीक्षेत उतरली तर नागाळा पार्क हे कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत सोपे घर आहे हे मी मान्य करतो. तेथून गोकुळ शिरगाव अकरा-बारा किलोमीटर पडेल आणि रोजचा माळ हातचा जाईल, एवढीच किंमत. ती किंमत मोठी की छोटी, हे पती-पत्नींनी मिळून ठरवायचे आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. अशा प्रश्नांत सायकल चालवणाऱ्याचे अंतर मोजले जाते आणि न चालवणाऱ्याचे गृहीत धरले जाते. आर. के. नगरहून ताराबाई पार्क सहा-सात किलोमीटर आहे. दुचाकीने वीस-पंचवीस मिनिटे, पण सकाळी साडेनऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहानंतर दाभोळकर कॉर्नर आणि कावळा नाका यांच्यामध्ये ती मिनिटे वाढतात. नवरात्रात आणि दिवाळीच्या सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांमुळे तर आणखी वाढतात. हा भार पत्नीवर पडणार असेल तर शाळा तरी घराच्या बाजूची निवडावी, म्हणजे मुलीला सोडण्या-आणण्याचे काम आपल्याकडे येईल. माझ्या घरी हा विचार उशिरा झाला. त्याची आठवण मला अजूनही अधूनमधून करून दिली जाते.

आर. के. नगरचे दोषही सांगितले पाहिजेत. हा पट्टा पाचगाव आणि मोरेवाडी या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतो, महापालिकेच्या नाही. त्यामुळे पाणी, कचरा आणि दिवाबत्ती यांचा हिशेब शहरापेक्षा वेगळा आहे. उन्हाळ्यात आठवड्यातून किती वेळा पाणी येते आणि बोअरला मे महिन्यात पाणी राहते का, हे दोन प्रश्न घरमालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारावेत. माळाच्या कडेच्या वस्त्यांत रात्री भटकी कुत्री टोळीने असतात. सायकलच्या मागे ती धावली तर उतरून सायकल मध्ये धरून चालावे, वेग वाढवू नये. आणि माळ दरवर्षी थोडा आकसतो आहे. मी दहा वर्षांपूर्वी ज्या दोन वाटा चालवत असे तिथे आज प्लॉटचे दगड आणि तारेचे कुंपण आहे. म्हणून घर पाहताना फक्त मागे माळ आहे एवढे पाहू नये. तो गायरान आहे, वनखात्याचा आहे की खासगी, हे तलाठ्याकडे किंवा गावातल्या जुन्या माणसाकडे विचारावे. खासगी माळ चार-पाच वर्षांत सोसायटी होतो.

रविवारच्या डोंगराबद्दल थोडक्यात. पन्हाळा शहरापासून सुमारे वीस किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून ९७७ मीटर, आणि पायथ्यापासूनचा चढ चारशे मीटरच्या घरात. २०२१ च्या पावसात गडाचा मुख्य रस्ता खचला होता आणि कित्येक महिने बंद राहिला, हे लक्षात ठेवून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा जाताना रस्त्याची चौकशी करावी. २०२५ पासून पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तटबंदीवर आणि बुरुजांवर सायकल चालवणे हे आधीही चुकीचेच होते. मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ते फुलांनी भरते. त्या दिवसांत मळलेली गाडीवाट सोडून चाक गवतात घालू नये. जोतिबाला रविवारी भाविकांची गर्दी असते, आणि माघातल्या खेट्यांच्या, म्हणजे जोतिबाच्या पायी वाऱ्यांच्या, रविवारी कुशिरे आणि गायमुखाच्या बाजूने लोक अनवाणी चढत असतात. त्या दिवशी त्या वाटेने सायकल उतरवणे हा उद्धटपणा आहे. आपली साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी अन्य वारी असेल तर हे सगळे डोंगर आपल्याला रिकामे मिळतील. दाजीपूर-राधानगरी हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथल्या वाटांवर जाऊ नये.

एकाच सायकलवर कामावर जाणे आणि डोंगर चढणे शक्य आहे, मात्र टायरकडे लक्ष हवे. सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या स्वाराने सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये मुरमावर हवेचा दाब २२ ते २५ पीएसआय ठेवावा आणि डांबरावर ३५ च्या आसपास. सकाळी घरून निघताना भरलेली हवा संध्याकाळी माळावर सोडता येते, उलटे करायला पंप लागतो. ट्यूबलेस मी मुद्दाम म्हटले. फेब्रुवारीपासून या माळावर बाभळीचे वाळलेले काटे असतात आणि ट्यूब घातलेल्या टायरला एका संध्याकाळी तीन पंक्चर झालेली मी मोजली आहेत. ट्यूबलेस टायरमधले सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, तीन-चार महिन्यांत वाळते, आपल्या उन्हाळ्यात त्याआधीच. आणखी एक: ऊस हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहिला जातो. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून आपण रस्त्यावर परत येतो आणि दुसरी ट्रॉली अजून यायची असते. कागल आणि राधानगरीच्या दोन्ही रस्त्यांवर हे होते. मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी दिवसाही असावी.

भाडेकरार करण्यापूर्वी एक सोमवार काढावा. रविवारी घर पाहून ठरवू नये, रविवारी कोल्हापुरातले सगळेच रस्ते मोकळे असतात. सोमवारी सकाळी आपण सायकलने आणि पत्नीने दुचाकीने, आपापल्या वेळेला, त्या घराच्या दारातून निघून आपापल्या कामाच्या फाटकापर्यंत जावे आणि संध्याकाळी तसेच परत यावे. अकरा महिन्यांच्या करारात जुलै आणि ऑगस्ट दोन्ही येतील असे पाहावे, आणि विकत घेण्याचा विचार त्यानंतरच करावा. घर पहिल्या मजल्यावर आहे म्हणता, तर जिना किती रुंद आहे ते हँडल धरून प्रत्यक्ष चढून पाहावे, आणि खाली वाहनतळात एक नळ आहे का ते विचारावे. चिखलाने भरलेली सायकल जिन्यातून वर नेली की दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवतात. माझ्याकडे त्यांनी एक बादली आणि एक जुना खराटा कायमचा खाली ठेवून दिला आहे.